पदवीला तत्त्वज्ञान घेताय? त्याआधीचे तीन महिने असे घालवा

माझ्या भाचीची शाळा संपली. विद्यापीठात तत्त्वज्ञान घ्यायचं तिचं ठरलं होतं आणि मधे तीन महिने मोकळे होते. एका संध्याकाळी ती वही उघडून माझ्यासमोर बसली. वहीत अकरा पुस्तकांची यादी. सगळ्यात वर कांटचं 'क्रिटिक ऑफ प्युअर रीझन', त्याखाली हेगेल, त्याखाली तत्त्वज्ञानाचा एक दोन खंडी इतिहास. "मावशी, कुठल्या क्रमाने वाचू?" मी पेन्सिल घेतली आणि एक नाव सोडून बाकी दहांवर रेघ मारली. उरलं ते प्लेटोचं 'युथिफ्रो', पंधरा-वीस पानांचा एक संवाद.

ती हिरमुसली. "एवढंच?"

"एवढं तीन आठवड्यांत झालं तरी पुष्कळ झालं," मी म्हटलं.

पहिल्या वर्षाच्या मुलांना हा विषय शिकवायला लागून मला एकवीस वर्षं झाली. बहुतेक ठिकाणी तत्त्वज्ञानाच्या पदवीला प्रवेश घेताना हा विषय शाळेत घेतलेला असावा अशी अट नसते. मुलं कोरी आली तर आम्हाला काही अडचण नसते. अडचण होते ती नावं पाठ करून आलेल्यांची. मी स्वतः तशीच आले होते. अठराव्या वर्षी सुट्टीभर मी एक जाडजूड इतिहास वाचला आणि चार वह्या भरून टिपणं काढली. पहिल्याच तासाला सरांनी एक परिच्छेद पुढ्यात ठेवला आणि विचारलं, "हा माणूस कशावरून काय सिद्ध करतोय?" मी त्याचा काळ सांगितला, त्याचा 'वाद' सांगितला, त्याचे गुरू कोण तेही सांगितलं. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. त्याचं उत्तर माझ्या चारही वह्यांत नव्हतं.

म्हणून मी सांगते: या तीन महिन्यांत थोडं वाचा आणि वाचलेल्या प्रत्येक पानाला विचारा, "हे कशावरून?" बाकीचं विद्यापीठात शिकवतातच.

एक संवाद, तीन आठवडे

'युथिफ्रो'नेच सुरुवात का, तर त्याला पूर्वतयारी काही लागत नाही आणि गोष्ट पहिल्या पानापासून पकड घेते. सॉक्रेटिसवर अधर्माचा खटला भरलाय. न्यायालयाबाहेर त्याला युथिफ्रो भेटतो. हा आपल्या सख्ख्या बापावर खुनाचा खटला भरायला आलाय. त्यांच्याकडच्या एका मजुराने दारूच्या नशेत एका गुलामाला ठार मारलं. बापाने त्या मजुराचे हातपाय बांधून त्याला खड्ड्यात टाकलं आणि आता काय करावं हे विचारायला अथेन्सला माणूस धाडला. तो परत यायच्या आत मजूर भुकेने आणि थंडीने मेला. नातेवाईक म्हणतात, बापावर खटला भरणं हे पाप. युथिफ्रो म्हणतो, हेच पुण्य, आणि पुण्य म्हणजे काय ते मला पक्कं ठाऊक आहे. सॉक्रेटिस म्हणतो, मग मलाही शिकव.

वाचायला बसण्याआधी एक बारीकशी गोष्ट कळली तर पुढे फार उपयोग होतो. प्लेटोच्या कुठल्याही चांगल्या भाषांतरात समासात आकडे आणि अक्षरं असतात: 5d, 10a असे. १५७८ साली छापलेल्या ग्रीक आवृत्तीची ती पानं आणि त्या पानांचे भाग. भाषांतर कुणाचंही असो, हे आकडे बदलत नाहीत, म्हणून वर्गात पान क्रमांकाऐवजी तेच सांगतात. टिपणं काढताना पहिल्या दिवसापासून हेच आकडे लिहा.

पहिलं वाचन एका बैठकीत आणि मोठ्याने करा. संवाद आहे, दोघांचे आवाज वेगळे काढा. अडलं तरी थांबायचं नाही. दुसरं वाचन दुसऱ्या दिवशी, हातात पेन्सिल घेऊन. या वेळी फक्त दोन शब्दांचा माग काढायचा, 'कारण' आणि 'म्हणून'. इंग्रजी भाषांतर वाचत असाल तर त्यांचे तिथले जे भाऊबंद असतील ते. 'म्हणून' दिसलं की त्याखाली रेघ आणि समासात प्रश्न: कशावरून म्हणून? ज्या पानावर एकही रेघ पडली नाही, तिथे बहुधा गोष्ट पुढे सरकतेय. जिथे चार पडल्या तिथे थांबायचं आणि तिसरं वाचन तेवढ्याच भागाचं करायचं.

'युथिफ्रो'त ही जागा 10a ला येते. युथिफ्रो म्हणालाय की सगळ्या देवांना जे आवडतं ते पुण्य. सॉक्रेटिस विचारतो: एखादं कर्म पुण्याचं असतं म्हणून देवांना आवडतं, की देवांना आवडतं म्हणून ते पुण्याचं ठरतं? पुढचं एक-दीड पान वाचताना डोकं गरगरतं. वस्तू नेली जाते ती कुणी नेतं म्हणून, पाहिली जाते ती कुणी पाहतं म्हणून, असं काहीबाही चालू राहतं. भाचीनेही इथे वही मिटली होती. मी तिला एक कोरा कागद दिला आणि म्हटलं, वाक्यं सोड, सांगाडा काढ. दोन संध्याकाळी गेल्या, पण शेवटी तिच्या अक्षरात हे उतरलं:

१. पुण्यकर्म पुण्याचं असतं म्हणून देवांना आवडतं. (युथिफ्रोने कबूल केलं.)
२. देवप्रिय गोष्ट देवप्रिय ठरते, ती देवांना आवडते म्हणून.
३. 'पुण्य' आणि 'देवप्रिय' एकच असतं, तर पहिल्या ओळीत एकाच्या जागी दुसरा शब्द घालून असं म्हणता आलं असतं: देवप्रिय गोष्ट देवप्रिय असते म्हणून देवांना आवडते. पण हे दुसऱ्या ओळीच्या बरोबर उलट झालं.
४. म्हणून 'पुण्य' आणि 'देवप्रिय' एक नव्हेत.

हे चार ओळींचं काम म्हणजेच तत्त्वज्ञानाचा अभ्यास. विद्यापीठात तीन-चार वर्षं तुम्ही हेच कराल, फक्त पानं अवघड होत जातील.

सांगाडा समोर आला की मग खरी मजा. भाचीने कागद लांब धरला, पाहिला आणि म्हणाली, "मावशी, याने पहिली ओळ कबूलच का केली? म्हणायचं ना, देवांना आवडतं म्हणूनच ते पुण्य." तिला वाटलं आपण काहीतरी चुकीचं विचारलं. प्रत्यक्षात तिने नेमका कच्चा दुवा धरला होता. पण तिथे सोडायचं नाही. मी विचारलं, बरं, असं म्हटलं तर काय पत्करावं लागेल? देवांना उद्या दुबळ्याचा छळ आवडू लागला, तर तो पुण्याचा होईल? ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, देवांना तसं आवडणारच नाही. का नाही आवडणार? कारण ते वाईट आहे. आणि तिच्याच लक्षात आलं की ती फिरून पहिल्या ओळीशी आली होती.

पूर्वपक्ष आधी

आपल्याकडच्या शास्त्रग्रंथांत एक शिस्त होती. स्वतःचं मत मांडण्याआधी विरोधकाचं मत मांडायचं, तेही त्याला 'हो, माझं म्हणणं हेच' असं वाटेल इतक्या ताकदीने. तो पूर्वपक्ष, मग त्याचं खंडन आणि मग सिद्धान्त. ही शिस्त आजही पहिल्या वर्षाच्या निबंधाला जशीच्या तशी लागू पडते. दर आठवड्याला एक पान लिहा. अर्ध्याहून जास्त पान पूर्वपक्षाला द्या.

सरावाला पीटर सिंगर या तत्त्वज्ञाचा १९७२ चा दुष्काळ आणि श्रीमंती यांवरचा लेख घ्या. त्याचं म्हणणं साधारण असं: अन्न, निवारा, औषध न मिळाल्याने माणसं मरणं वाईट. जे वाईट आपण टाळू शकतो आणि ते टाळताना तितक्याच मोलाचं दुसरं काही गमवावं लागत नाही, ते आपण टाळलंच पाहिजे. उथळ तळ्यात मूल बुडत असेल तर कपडे चिखलाने भरतील म्हणून कुणी काठावर उभं राहत नाही. मग मूल दूरच्या देशात असलं तर काय बदलतं? वाचणारा प्रत्येक जण लगेच म्हणतो, "ते वेगळं आहे." वेगळं का, ते लिहून काढा. अंतर? म्हणजे बुडणारं मूल शंभर पावलांवर असेल तर कर्तव्य थोडं कमी होतं का? मदत करू शकणारे इतर लाखो लोक आहेत म्हणून? तळ्याकाठी आणखी दहा जण हात बांधून उभे असतील तर तुम्हीही उभे राहणार का? हे प्रश्न सिंगरच्या बाजूने स्वतःला विचारा आणि मगच त्याला विरोध करा. माझं स्वतःचं मत त्याच्याशी पूर्ण जुळत नाही, पण ते बनायला मला काही वर्षं लागली. एका पानात निकाल लागावा असा आग्रह धरू नका.

लिहिताना एक भेद पक्का करून ठेवा. सगळे मासे उडतात, गाय हा मासा आहे, म्हणून गाय उडते. यातलं एकही विधान खरं नाही, तरी युक्तिवाद वैध आहे, कारण आधारविधानं खरी असती तर निष्कर्ष खरा असावाच लागला असता. उलट, तिन्ही विधानं खरी असूनही युक्तिवाद फसलेला असू शकतो. कुणाचं म्हणणं खोडायचं असेल तर आधी ठरवा: तुमचं भांडण एखाद्या ओळीशी आहे, की ओळींमधल्या सांध्याशी?

या सांध्यावर सगळेच घसरतात. पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये मांडलेलं कोडं करून पाहा. चार पत्ते आहेत, प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला आकडा. समोर दिसतंय अ, क, ४, ७. नियम असा: एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते. नियम खरा की खोटा हे ठरवायला कोणते पत्ते उलटायलाच हवेत? बहुतेक जण 'अ' आणि '४' म्हणतात. पण ४ च्या मागे 'क' निघाला तरी नियमाचं काहीच बिघडत नाही. सम संख्येमागे स्वरच हवा असं नियमाने म्हटलेलं नाही. उलटायचे ते 'अ' आणि '७', कारण ७ च्या मागे स्वर निघाला तर नियम मोडला. पहिल्याच वर्षी अनेक ठिकाणी आकारिक तर्कशास्त्र असतं, चिन्हांनी लिहायचं. गणिताला घाबरून इकडे आलेल्या मुलांना तिथे धक्का बसतो. रोज वीस मिनिटं 'जर–तर' ची अशी कोडी सोडवलीत तर तो बसणार नाही.

तीन पानांचा लेख आणि एक मृगजळ

दुसऱ्या महिन्यात एडमंड गेटियर या तत्त्वज्ञाचा लेख वाचा. १९६३ साली आला, जेमतेम तीन पानं. एखादी गोष्ट 'मला माहीत आहे' असं केव्हा म्हणता येतं? रूढ उत्तर असं: ती खरी असते, मी ती मानतो आणि मानायला माझ्याकडे पुरेसं कारण असतं. गेटियर एक प्रसंग रचतो. स्मिथ आणि जोन्स यांनी एकाच नोकरीसाठी अर्ज केलाय. कंपनीच्या प्रमुखाने स्मिथला सांगितलंय की नोकरी जोन्सला मिळणार. जोन्सच्या खिशातली नाणी स्मिथने स्वतः मोजलीत, दहा आहेत. म्हणून स्मिथ मानतो: ज्याला नोकरी मिळणार त्याच्या खिशात दहा नाणी आहेत. प्रत्यक्षात नोकरी स्मिथलाच मिळते आणि, त्याला ठाऊक नसलं तरी, त्याच्याही खिशात दहाच नाणी असतात. त्याचं मानणं खरं होतं, त्याला कारणही होतं. पण त्याला ते 'माहीत होतं' असं म्हणवेल का?

आठव्या शतकातल्या धर्मोत्तर या बौद्ध पंडिताकडे याच जातीचा दाखला सापडतो. वाळवंटात तहानलेला माणूस पुढे पाणी पाहतो. ते मृगजळ असतं. पण नेमक्या त्याच जागी दगडाखाली खरंच पाणी असतं. मी हे दोन दाखले वर्गात शेजारी शेजारी ठेवते, कारण मुलांना वाटत असतं की हा विषय एकट्या युरोप खंडाचा आहे. डोंगरावर धूर दिसतो म्हणून तिथे आग आहे, हे न्यायशास्त्राचं, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या तर्कशास्त्राचं, ठरलेलं उदाहरण. चार्वाकांनी त्यावर बोट ठेवलं: जिथे जिथे धूर तिथे तिथे आग, ही व्याप्ती तुम्ही कशावरून मानता? सगळे धूर काही पाहिले नाहीत. डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने १७४८ मधल्या ग्रंथात पाहिलेल्यावरून न पाहिलेल्याकडे जाण्याबद्दल जी शंका काढली ती याच वाटेवरची. दोघांना शेजारी ठेवून एक पान लिहिलंत तर ते पहिल्या वर्षाच्या निबंधाला साजेसं होईल.

गेटियर वाचून झाला की त्या रूढ उत्तरात एक अट वाढवून पाहा. 'कारण म्हणून जे धरलं ते खोटं नसावं', उदाहरणार्थ. मग तीही अट मोडेल असा प्रसंग रचा. प्रतिउदाहरण रचण्याचा हा हात एकदा बसला की कुठलंही मोठं विधान ऐकताना तो आपोआप चालू लागतो.

तिसऱ्या महिन्यात देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाची 'मेडिटेशन्स', १६४१ ची. चिंतनं सहा आहेत, पण पहिली दोन पुरेत. देकार्तने स्वतः आक्षेपांना उत्तर देताना म्हटलंय की पहिल्या चिंतनातल्या मुद्द्यांना वाचकाने काही महिने, निदान काही आठवडे तरी द्यावेत. एवढ्या छोट्या मजकुराला! त्याच्यासोबत बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिची पत्रं जरूर वाचा. १६४३ मध्ये, चोविसाव्या वर्षी, तिने त्याला साधा प्रश्न विचारला: तुमच्या मते आत्मा जागा व्यापत नाही, त्याला स्पर्श नाही, मग तो शरीराला हलवतो कसा? देकार्तने उत्तर दिलं. तिला पटलं नाही आणि तिने तसं नम्रपणे, कारणासकट लिहून कळवलं. निराकार वस्तू शरीराला हलवते हे मानण्यापेक्षा आत्म्यालाच आकार आहे असं मानणं मला सोपं जाईल, असं ती म्हणाली. समोर युरोपातला सर्वांत नावाजलेला विचारवंत, आणि ही कुठल्याही विद्यापीठात न गेलेली तरुणी. नव्या विद्यार्थ्याने टिपणांचा सूर कसा ठेवावा हे मला या पत्रांहून चांगलं कुठे सापडलेलं नाही.

कुणाशी तरी बोला

एकट्याने वाचून हा विषय अर्धाच होतो. आठवड्यातून एकदा, तासभर, एकाच माणसाशी बोला. मित्र, आजोबा, कुणीही चालेल, फक्त तो चटकन 'बरोबर आहे' म्हणणारा नको. न्यायसूत्रांत, म्हणजे न्यायशास्त्राच्या मूळ ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत. वाद, म्हणजे दोघांनी मिळून खरं काय ते शोधणं. जल्प, म्हणजे कसंही करून जिंकणं. वितंडा, म्हणजे स्वतःचं काही न मांडता दुसऱ्याचं पाडत राहणं. आपण रोजच्या बोलण्यात 'वाद घालू नकोस' म्हणतो तेव्हा बहुधा उरलेल्या दोघांबद्दल बोलत असतो. बोलण्याआधी एक नियम करा: समोरच्याचं म्हणणं आधी स्वतःच्या शब्दांत सांगायचं आणि त्याने 'हो' म्हटल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही. पहिल्या दिवशी हे फार जड जातं.

आता काही सुटे प्रश्न. भाषा: पुस्तकं इंग्रजीत वाचा, पण सांगाडा आधी मराठीत काढा. इंग्रजी वाक्य जसंच्या तसं उतरवून कळल्याचा भास होतो, मराठीत मांडताना तो टिकत नाही. पुस्तकं कुठे मिळतील: देकार्त, ह्यूम आणि एलिझाबेथची पत्रं 'अर्ली मॉडर्न टेक्स्ट्स' या संकेतस्थळावर सोप्या केलेल्या इंग्रजीत फुकट आहेत. अडलेल्या संकल्पनेसाठी 'स्टॅनफर्ड एन्सायक्लोपीडिया ऑफ फिलॉसॉफी', तीही फुकट, पण तिच्या नोंदी जाणत्यांसाठी लिहिलेल्या असतात, म्हणून पहिले दोन-तीन परिच्छेद वाचून मूळ पानाकडे परत या. सगळ्या विषयाचा नकाशा हवाच असेल तर बर्ट्रंड रसेलचं १९१२ चं 'द प्रॉब्लेम्स ऑफ फिलॉसॉफी' घ्या. पंधरा छोटी प्रकरणं आहेत आणि सुरुवात समोरच्या टेबलापासून होते. व्हिडिओ मूळ मजकूर वाचून झाल्यावरच पाहा. आधी पाहिलात तर पुढे पानावर तुम्हाला तेच दिसेल जे त्या माणसाने सांगितलं. कांट आणि हेगेल थांबतील. त्यांना शिक्षकासोबत वाचावं, एकट्याने वाचून 'आपल्याला हा विषय जमणार नाही' असा समज करून घेतलेली चांगली मुलं मी पाहिली आहेत आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

जाण्याच्या आदल्या संध्याकाळी भाची ती वही घेऊन आली. त्या चार ओळींच्या पानाभोवती आता जागाच उरली नव्हती, तीन रंगांच्या शाईत तीन वेगवेगळी उत्तरं होती आणि आधीच्या दोन्हींवर तिनेच काट मारलेली होती. मी विचारलं, "मग, तिसरं पटलं?"

"नाही गं मावशी," ती म्हणाली. "आता दुसऱ्या ओळीपाशी अडलंय. देवप्रिय ठरणं म्हणजे आवडण्याहून वेगळं काही आहे तरी का?"

तिची बॅग भरायची राहिली होती. आम्ही दोघी कागद घेऊन बसलो.